शंभरातले पाच

सिद्रा
शनिवार, २२ डिसेंबर २००१

झुवैना पोरी,

सलाम. ईदची सुट्टी संपवून तू मस्कतला परतलीस त्याला चार दिवस झाले. तुझ्या आजोबांच्या हिशेबाने चाळीस झालेत. रोज विचारतात, "पोरीची काही खबर?" मी सांगतो, पुरात तार वाहून गेली, टेलिफोन मुका आहे, पत्र आलं तर मस्ऊदच्याच गाडीने येईल. "मग मस्ऊदला विचार," म्हणतात. मस्ऊद बुधवारी येतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

पाटकरी आजोबांच्या तोंडून पाटाच्या पाळ्या यंत्रात भरून घ्यायच्या बैठका पुन्हा सुरू केल्या आहेत. तिसऱ्या प्रहराचा नमाज झाला की मशिदीमागच्या ओट्यावर बसतो. मी तुझं यंत्र मांडतो आणि तू शिकवलंस तसा प्रोग्राम सुरू करतो. तो आधी किती तास शिल्लक आहेत ते सांगतो, मग लाल ठिपका लागतो, मग मी आजोबांना मान हलवून खूण करतो. काल एकतीस तास दाखवले.

सावलीवर मोजायच्या दिवसाच्या पाळ्या आता संपत आल्या. अर्थात मध्ये शेळ्या आल्या, तुझ्या पणजोबांची बंदूक आली, मसीरा बेटावरची एक बाईही आली. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, दिवसाचं पुरे झालं. आधी रात्रीचे तारे सांगा ना." तर म्हणाले, "मास्तर, पाटाचं पाणी उडी मारून शेवटच्या वाफ्यात जातं का रे? सगळ्यांतून वाहतच जातं ना?" पाचवीच्या पोरांना मी भूगोल शिकवतो, पण बाबांना उलट उत्तर द्यायची मला सोय नाही.

पण घाई का करतो तेही सांगतो. ईदच्या दिवशी पाटाचा कारभारी ज़हरान याने सगळ्यांसमोर सांगितलं की या हिवाळ्यात रात्रीच्या चोवीस ताऱ्यांचा क्रम लिहून झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या हिवाळ्यापासून रात्रीचं पाणी मनगटावरच्या घड्याळाने वाटायचं. तरुण मंडळींना तेच हवं आहे. तारा बघायला मान दुखते म्हणतात. एकेक तारा डोंगरावर आला की पाणी एकाकडून दुसऱ्याकडे जातं, पण दोन ताऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं. कुणाची पाळी लांब, कुणाची आखूड. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मापाने घरं वाटली गेली, मुली दिल्या-घेतल्या गेल्या. घड्याळ सगळ्यांना अर्धा अर्धा तास देईल. ज्याचं जाईल तो गप्प बसेल, आणि ते गप्प बसणं काही बरं नव्हे. क्रम फक्त आजोबांना येतो. त्यांनी ऐंशी पार केलेली आहे.

एक विचारायचं राहून गेलं. किती तास शिल्लक आहेत हे तुझ्या प्रोग्रामला कसं कळतं? तो डिस्क उघडून तर बघत नाही.

तुझा काका,
मुहन्ना

•

मस्कत
बुधवार, २ जानेवारी २००२

प्रिय काका,

सलाम. आजोबांना सांगा, खबर आली. आणि मसीरा बेटावरची बाई आजीच्या कानावर गेलेली नाही ना, तेवढं बघा. ती अजून काठी नेमकी मारते.

तुम्ही विचारलंत ते आमच्या ऑफिसात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आकडा दिसला की पुरे असतं.

डिस्क म्हणजे एकसारख्या कप्प्यांची लांबच लांब भिंत समजा. कोणता कप्पा भरला, कोणता मोकळा, याची नोंद यंत्राचा मुख्य कारभार पाहणारी व्यवस्था ठेवते. माझा प्रोग्राम कप्पे मोजत नाही, आयुष्य जाईल त्यात. तो त्या व्यवस्थेला एक हाक मारतो, की या भिंतीची हकीकत सांग. ती एका दमात उत्तर देते. एक कप्पा केवढा, एकूण किती, मोकळे किती, आणखीही चार-पाच आकडे. मी मोकळ्या कप्प्यांना कप्प्याच्या मापाने गुणते, आणि आजोबांचा तासभराचा आवाज जेवढी जागा खातो त्याने भागते. तुमच्यासमोर येतात ते तास हे असे. आहे की नाही पाचवीचं गणित?

एकशेवीस तासांची भिंत आहे. एकतीस उरले म्हणजे तारे आरामात मावतील, शेळ्यांसकट. शेळ्या पुसू नका. यंत्र ज्या ऑफिसचं आहे त्याला नको असल्या तरी मला हव्यात.

त्या बंद पाकिटाची आठवण आहे ना? यंत्राच्या पेटीत झाकणाला चिकटवलंय. त्यात मुख्य किल्लीचा पासवर्ड आहे. तुमच्या नावाने उघडलेलं खातं साधं आहे, त्याने यंत्राचं काही बिघडू शकत नाही. मुख्य किल्लीने सगळं बिघडू शकतं. गरज पडणार नाही, पण असू द्या.

आईला सांगा, सुकट मिळाली. शेजारणींनाही मिळाली, वासाने.

तुमची,
झुवैना

•

सिद्रा
बुधवार, १६ जानेवारी २००२

झुवैना पोरी,

सलाम. मस्ऊद बाहेर भोंगा वाजवतो आहे, तरी चार ओळी जास्त लिहितो, कारण बातमी चांगली आहे.

रविवारी रात्रीचे तारे सुरू झाले. रोज सहा असे तीन दिवसांत अठरा झाले. कारभारी आणि दोन-चार तरुण पहिल्या दिवशी येऊन बसले होते, कॉफी संपल्यावर उठून गेले. आजोबा वेगळेच दिसतात तारे सांगताना. शेळ्यांच्या वेळी हात हलतात, आता हात मांडीवर. तारा, तो कुठून वर येतो, डोंगराच्या कोणत्या दातावर आला की पाणी वळवायचं, पाणी कोणाचं, कोणाकडून आलं. एवढंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आपली रीत तुला माहीत असेल, तारा एका हिवाळ्यात एकदाच म्हणायचा. पुन्हा विचारलं तर पाटकरी तोंड फिरवतो. ऐकणाऱ्याने पहिल्यांदाच नीट ऐकावं म्हणून पूर्वजांनी ते तसं ठेवलं. मंगळवारी अठरावा झाला आणि आजोबांना खोकला लागला, म्हणून उरलेले सहा जरा थांबून घेऊ. "सहा तारे कुठं पळून जात नाहीत," म्हणाले, "मी पळालो तर बोल."

आता एक गोष्ट, जी मी इथे कुणाला सांगितलेली नाही. तास रोज कमी होत होते, एकतीसचे वीस, वीसचे अकरा, तू म्हणालीस तसे. रविवारी सहा तास आणि वर जेमतेम एक मिनिट दाखवलं. बैठक झाली दीड तासाची. सोमवारी सुरू केलं तर सहा. मंगळवारी सुरू केलं तर सहा. आम्ही बोलत राहिलो आणि साठा तेवढाच राहिला.

मी शिकलेला माणूस आहे, लगेच कशालाही चमत्कार म्हणत नाही. पण काही वर्षी पाटाचं पाणी असंच असतं. सगळे उपसतात आणि तोंडाशी पातळी हलत नाही. त्याला बरकत म्हणतात, आणि बरकत मोजू नये, मोजली की जाते. म्हणून मी पुन्हा तपासलं नाही. पूर्वी प्रत्येक बैठक संपल्यावर थोडी ऐकून बघायचो, तेही सोडलं. अल्लाहने म्हाताऱ्याच्या शब्दांना जागा करून दिली असेल तर मी मध्ये कान कशाला घालू?

तुझा काका,
मुहन्ना

•

मस्कत
गुरुवार, १७ जानेवारी २००२

काका,

हे पत्र इब्रीला निघालेल्या एका ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे. तो सिद्राच्या फाट्यावर किराणा दुकानात देईल.

रविवार, सोमवार, मंगळवारच्या बैठका आत्ता लावून बघा. आधी त्या ऐका, मग पुढचं वाचा.

मला वाटतं, त्यात काही नाही.

त्या हाकेच्या उत्तरात मोकळ्या जागेचे दोन आकडे येतात. एक, एकूण मोकळे कप्पे. दुसरा, त्यातले साध्या खात्याला मिळू शकणारे. दोन्हींत फरक असतो, कारण शंभरातले पाच कप्पे यंत्र राखून ठेवतं. डिस्क काठोकाठ भरली तरी मुख्य किल्ली असलेल्या माणसाला आत येऊन सावरता यावं म्हणून. एकशेवीसचे शंभरातले पाच म्हणजे सहा तास. मी पहिला आकडा घेतला. दुसरा घ्यायला हवा होता. तो रविवारीच शून्य झाला. तुम्हाला दिसत राहिले ते राखीव सहा तास, आणि तुमचं खातं त्यांना हात लावू शकत नाही.

लाल ठिपका लागला कारण फाइल उघडली गेली. तिच्यात काही लिहिलं जातंय का, हे प्रोग्रामने विचारलंच नाही. आधीच जागा विचारली होती ना, पुन्हा कशाला विचारायचं, असं मला वाटलं.

पाकीट फोडा. मुख्य किल्लीने आत जा आणि तोच प्रोग्राम चालवा. कसं ते मागच्या पानावर लिहिलंय. राखीव सहा तास तुम्हाला मिळतील. आजोबांकडून उद्याच सगळे तारे पुन्हा घ्या. त्यांच्या पाया पडा, काहीही करा.

झुवैना

•

सिद्रा
रविवार, २० जानेवारी २००२

झुवैना पोरी,

सलाम. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दुकानदाराने पत्र दिलं. तू म्हणालीस तसं आधी ऐकलं.

रविवारच्या फाइलीत आजोबांचं बिस्मिल्लाह आहे, मग घसा खाकरण्याचा आवाज, मग "पहिला तारा" एवढे दोन शब्द. पुढे काही नाही. सोमवार आणि मंगळवार पूर्ण कोरे आहेत.

संध्याकाळी आजोबांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. खूप हसले. खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे मास्तर, मी तीन दिवस त्या पेटीला सांगत होतो आणि पेटी बहिरी?" मी हो म्हटलं. "आणि तू?" मी म्हटलं, पुन्हा सांगाल का? हसणं थांबलं. म्हणाले, "अठरा म्हणून झाले. सांगितलेलं सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात ये. उरलेले सहा मात्र या हिवाळ्याचं देणं आहे, ते देतो."

मी पाया पडलो, तू सांगितलं होतंस म्हणून. म्हणाले, "ऊठ, पँट मळेल."

आता पाकिटाचं. ते अजून फोडलेलं नाही. रागावू नकोस, पूर्ण वाच. आपल्या पाटालाही राखीव हिस्सा आहे. गुरुवारच्या दुपारची दोन मापं कुणाच्याच नावावर नाहीत. त्यावर मशिदीच्या खजुरी भिजतात आणि पाट फुटला तर दुरुस्तीही त्यातूनच होते. माझी झाडं वाळली म्हणून रात्री जाऊन मी ते पाणी वळवलं तर मला कुणी पकडणार नाही. तरी मी वळवत नाही. ते घ्यायचं तर कारभाऱ्याला विचारून, दोन साक्षीदारांसमोर घ्यावं लागतं. यंत्राने जे राखून ठेवलं ते कुणासाठी राखलं, आम्ही ते वापरल्यावर यंत्राचं काय होईल, आणि परवानगी द्यायचा हक्क तुला आहे की तुझ्या ऑफिसला, हे मला कळलं पाहिजे. ज़हरान बकऱ्यांच्या बाजारासाठी निझवाला गेला आहे, गुरुवारी परततो. तोवर आजोबांचा खोकलाही बसेल. उत्तर बुधवारच्या गाडीने दे.

तुझा काका,
मुहन्ना

•

मस्कत
मंगळवार, २२ जानेवारी २००२

काका,

तुमचं पत्र आज निझवाहून आलेल्या एका नातेवाइकाने हातात दिलं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच मोठ्याने ओरडले. शिपाई धावत आला.

काका, हा वक़्फ़ नाही! कुणी मेलेल्याने मशिदीला दिलेलं पाणी नाही ते. एका यंत्राने, दुसऱ्या देशातल्या कुणा माणसाने ठरवून दिल्याप्रमाणे, शंभरातले पाच बाजूला ठेवले. ते मी एका ओळीत शून्य करू शकले असते. तुम्ही वापरलेत तर यंत्राचं काही होणार नाही, या डिस्कवर आवाजाशिवाय दुसरं काही नाही. परवानगी मी देते. ऑफिसचं मी बघेन. ऐंशीच्या वरच्या, खोकणाऱ्या माणसासमोर तुम्ही गुरुवारची वाट बघत बसलात! बकऱ्यांच्या बाजाराची!

हे लिहून एक तास झाला. पत्र फाडलं नाही, कारण वरचं सगळं खरं आहे. पण आणखी एक खरं आहे, ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

दोन आकडे असतात हे मला माहीत होतं. घाईत चूक झाली नाही. प्रोग्राम लिहिला तेव्हा आमचे वरिष्ठ, उस्ताद लमकी, यांनी तो आकडा बोटाने दाखवून विचारलं होतं, "हा मोठा का घेतलास? लहान घे." मी त्यांना रुबाबात सांगितलं, "उस्ताद, तुम्ही बंदरावरचे. आमच्या गावात राखीव पाणीसुद्धा गावाचंच असतं. नड आली की मिळतं." मला लहानपणीचं आठवत होतं, आमचा वाफा सुकला होता आणि पाटाच्या राखीव हिश्श्यातून पाणी मिळालं होतं. ते मिळण्याआधी माझे बाबा तीन दिवस ज़हरानच्या बापाच्या दारात बसले होते, हे मला आठवत नव्हतं. आईने नंतर कधीतरी सांगितलं. उस्ताद हसले आणि म्हणाले, "यंत्राला नड कळत नाही, मुली." मी ऐकलं नाही.

तेव्हा तुमच्यावर ओरडायचा हक्क मला अर्धाच आहे. उरलेला अर्धा आजोबांसाठी वापरला असं समजा.

पाकीट फोडा, काका.

झुवैना

•

सिद्रा
रविवार, २७ जानेवारी २००२

झुवैना पोरी,

सलाम. तुझं ओरडणं बुधवारी पोचलं. वाचून झाल्यावर घडी करून कपाटात ठेवलं आहे. तुझ्या आईला दाखवलं नाही.

गुरुवारी ज़हरान परतला. गाडीतून उतरतानाच त्याला गाठलं. म्हणाला, "मास्तर, मी अजून पायही जमिनीवर ठेवला नाही." मी सगळं सांगितलं. त्याला डिस्क काय ते कळत नाही, पण राखीव हिस्सा म्हटल्यावर एका क्षणात कळलं. विचारलं, "कुणाच्या मालकीचा?" म्हटलं, ऑफिसचा, आणि ऑफिसकडून झुवैनाने लेखी परवानगी दिली आहे. तुझ्या पत्राचा तेवढाच भाग वाचून दाखवला. "किती?" सहा तास. "कशासाठी?" शेवटच्या सहा ताऱ्यांसाठी. "मग उघडू या. पण ओट्यावर, सगळ्यांसमोर."

शनिवारी तिसऱ्या प्रहरानंतर तीस-पस्तीस माणसं जमली. एरवी पाट फुटला तरच एवढी जमतात. ज़हरानने पाकीट वर धरून सगळ्यांना दाखवलं, बंद आहे म्हणून. मग फोडलं. मी मुख्य किल्लीने आत गेलो. प्रोग्रामने सहा तास दाखवले. एका तरुणाने विचारलं, "मागच्या वेळीही सहाच होते ना?" मी म्हटलं, हो, तेव्हा ते आपले नव्हते. पाच मिनिटं बोलून, बंद करून, लावून ऐकलं. ज़हरानचं खोकणं नीट ऐकू आलं. पुन्हा सुरू केलं तर तास थोडे कमी झाले होते. तेव्हा मला बरं वाटलं.

आजोबांनी एकोणिसावा ते चोविसावा तारा सांगितला. या वेळी कुणी उठून गेलं नाही. एकोणिसाव्याला डोंगराच्या तुटक्या दातावर येणारी जोडी म्हणतात, ते पाणी तुझ्या आईचं. चोविसाव्यानंतर म्हणाले, "पुढं उजाडतं. उजाडल्यावर तुम्हांला तुमची सावली दिसेल, माझी गरज नाही."

संध्याकाळी सगळं पुन्हा ऐकलं. शब्द न् शब्द आहे.

अठरा राहिले. पुढच्या हिवाळ्यात घेऊ, असं आजोबाही म्हणतात आणि मीही म्हणतो. ज़हरानने एक हिवाळा वाढवून दिला आहे.

तुझा काका,
मुहन्ना

•

मस्कत
मंगळवार, ५ फेब्रुवारी २००२

प्रिय काका,

डिस्क मस्ऊदकडून मिळाली. मी तीन प्रती केल्या. एक माझ्या उशाशी आहे. प्रोग्राम बदलला. आता लहान आकडा दाखवतो, प्रत्येक कप्पा लिहिला गेला की नाही ते विचारतो, आणि नाही म्हटलं तर कर्कश ओरडतो. माझ्यासारखा.

उस्ताद लमकींना सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

एक गोष्ट मनात आली. तुम्ही तीनही दिवस आजोबांच्या समोर बसला होतात. हाताच्या अंतरावर. यंत्र बहिरं होतं पण तुम्ही नव्हता. ते अठरा आठवतील तसे लिहून काढा ना. पुढच्या हिवाळ्यात ताडून बघू. कधी लिहिता?

तुमची,
झुवैना

•

सिद्रा
बुधवार, ६ मार्च २००२

झुवैना पोरी,

सलाम. बकरी ईद चांगली झाली. तू आली नाहीस म्हणून आईने तुझ्या वाटचा खड्ड्यात भाजलेल्या मटणाचा शुवा वेगळा काढून ठेवला होता, तो आजोबांनी खाल्ला. खोकला बरा आहे. शाळेच्या छताचं काम सुरू झालं आहे, वर्ग झाडाखाली भरतो. टेलिफोनची तार अजून नाही. बाकी सर्व ठीक.

तुझा काका,
मुहन्ना

•

सिद्रा
शनिवार, २१ सप्टेंबर २००२

झुवैना पोरी,

सलाम. तू ऑगस्टमध्ये तीन दिवस आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मला तुझ्याशी एकट्याने बोलता आलं नाही. आलं असतं तरी बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. लिहिणं मला जमतं.

आजोबा गेले तेव्हा कडक उन्हाळा होता. आकाशात त्यांच्या हिवाळ्याच्या रांगेतला एकही तारा वेळेवर नव्हता. अल्लाहने त्यांना त्याच्या हिशेबाने बोलावलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

फेब्रुवारीत तू एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचं उत्तर दिलं नाही, शाळेच्या छताचं लिहिलं. आता देतो.

मी त्यांच्यासमोर बसलो होतो हे खरं. पण मी लाल ठिपक्याकडे बघत होतो. तो विझत तर नाही ना, पोरं गलका तर करत नाहीत ना, वारा माइकवर तर येत नाही ना. मग तो सहाचा आकडा. तो हलत नाही म्हणून मनातल्या मनात शुक्र करत होतो. यंत्र ऐकत होतं म्हणून मी ऐकलं नाही. आजोबांनी विचारलं होतं, "आणि तू?" तेव्हा मी विषय बदलला, हे तुला पत्रातही दिसलं असेल.

मी लिहायला बसलो होतो. फेब्रुवारीत, मार्चमध्ये आणि परत आजोबा गेल्यावर. कृत्तिका आठवतात. आंधळी आठवते. खजूरवाहू आणि त्याची सांडणी आठवते, पण सांडणी आधी की तो आधी, ते नक्की नाही. चार तारे, आणि त्यांचाही क्रम शपथेवर सांगता येत नाही. माझं पाणी असतं तर अंदाजाने लिहिलं असतं. ते दुसऱ्यांचं आहे.

मागच्या शुक्रवारी ज़हरानने बैठक बोलावली. मी उभं राहून हे सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. कुणी काही टोचून बोललं नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "मास्तर, पहिल्या दिवशी आम्हीही होतोच की ओट्यावर. कॉफी प्यायलो आणि उठलो." मग तरुणांपैकी एक म्हणाला, सगळंच घड्याळावर टाकू या, घोळ मिटेल. त्यावर मात्र आवाज चढले. ज्यांच्या पाळ्या शेवटच्या सहांत येतात ते म्हणाले, आमचे तारे राखीव हिश्श्यातून, कारभाऱ्यासमोर, पस्तीस साक्षीदारांसमोर घेतलेले आहेत, त्यांना घड्याळ लावायचं कुणी? ज़हरानने तुझी एक प्रत आणवली होती. ओट्यावर लावली. आजोबा बोलायला लागले तसे सगळे बसले. "पुढं उजाडतं" इथपर्यंत ऐकलं, आणि मग कुणी वाद घातला नाही.

ठरलं ते असं. पहिले अठरा हिस्से घड्याळाने, अर्धा अर्धा तास. ज्यांचं आखूड झालं त्यांनी ते सोसायचं आणि ज्यांचं लांब झालं त्यांनी मिरवायचं नाही. एकोणिसाव्यापासून तारे. म्हणजे तुझ्या आईच्या पाण्यापासून.

पाटाच्या हिशेबात हिवाळा आताच लागतो, तो नवीन फेरा काल रात्री सुरू झाला. मी स्वतः गेलो नव्हतो, पहाटे जाणाऱ्यांनी सांगितलं. अठरावा हिस्सा संपला की ज्याच्याकडे पाळी आहे तो घड्याळ काढतो, खिशात ठेवतो, आणि पाटाच्या कडेला पूर्वेच्या डोंगराकडे तोंड करून बसतो.

तुझा काका,
मुहन्ना